आमरीला घातलेलं मीठ

फुलांचं फार कौतुक करणाऱ्या माणसांचा मला कंटाळा येतो. कुणाच्या घरी गेलं की ती आधी गॅलरीत नेतात, काथ्याच्या गोळ्यावर टांगलेलं ऑर्किड दाखवतात आणि मी काहीतरी बोलावं म्हणून थांबतात. मी 'छान आहे' म्हणते. चहा येईपर्यंत एवढं पुरतं. माझे वडील जंगलखात्यात होते आणि त्यांना घाटातल्या आमऱ्या, म्हणजे रानातली ऑर्किडं, ठाऊक होत्या, हे या माणसांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मग खोदून खोदून विचारणं सुरू होतं. खरं सांगायचं तर मला एकच आमरी नीट ठाऊक होती, झाडावर चढणारी नव्हे, जमिनीतली, आणि ती माझ्या दारात मेली. ही गोष्ट चहाबरोबर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे. लिहायचाही कंटाळाच आहे, पण सांगण्यापेक्षा बरा.

आमचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला. बाबा जंगलखात्यात गार्ड होते. खाकी चड्डी, हातात काठी, पावसाळ्यात डोक्यावर इरलं. गावातून वर पाऊलवाटेने तीन तास चढलं की सडा लागायचा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार, खाली सगळा कातळ आणि वर वीतभर माती. मे महिन्यात तिथे पाय ठेववत नाही, आणि श्रावणात धुक्यातून पुढचं माणूस दिसत नाही. त्या सड्याच्या कडेला, जिथे पठार संपून गवताचा उतार सुरू होतो, तिथे ही आमरी उगवायची. सगळीकडे नाही. बाबा म्हणायचे, तिला पाऊस धो धो लागतो, पण पाणी पायाशी साचलेलं चालत नाही. म्हणून ती नेहमी उतारावर. सावली नको, पण गवताचा आडोसा हवा. मी लहान असताना त्यांच्याबरोबर दोनदा वर गेले होते. एकदा जळू लागून पायातून रक्त वाहिलं एवढंच मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं होतं.

झाड म्हणावं असं काही नसतं. गुडघ्याच्या वर एक सरळ दांडा, त्याला बिलगून वर वर लहान होत गेलेली पानं, आणि शेंड्याला तीनचार मोठी पांढरीशुभ्र फुलं. प्रत्येक फुलाची खालची पाकळी तीन भागांची. मधला भाग साधा, पण दोन्ही बाजूंच्या भागांना कंगव्याच्या दात्यांसारखी झालर. आणि फुलाच्या मागे शेपटी. हिरवट, बोटापेक्षा लांब, पोकळ आणि टोकाला बंद. ती देठाला चिकटलेली नसते, देठाच्या बाजूने मोकळी लोंबते. तिच्या तळाशी थेंबभर मध असतो. संध्याकाळ झाली की फूल वास सोडायला लागतं आणि लांब सोंडेचा एक पतंग त्या मधासाठी येतो. हे सगळं मला बाबांनी सांगितलं. पुस्तकात मी फार नंतर वाचलं, तेव्हा त्यात नवीन काहीच नव्हतं.

पण खरी गंमत जमिनीखाली असते. दांडा उकरला तर खाली दोन कांदे सापडतात, करांद्याच्या लहान गड्ड्यांएवढे. एक सुरकुतलेला, मळकट. हा गेल्या वर्षीचा. स्वतःला रिकामं करून त्याने यंदाचं फूल वर पाठवलेलं असतं. दुसरा पांढरा, घट्ट, भरत चाललेला. हा पुढच्या वर्षाचा. कार्तिकात पानं पिवळी पडतात, दांडा लोळतो, जुना कांदा कुजून जातो, आणि नवा कोरड्या मातीत पावसापर्यंत निवांत झोपतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, संपलं. उन्हाळ्यात सड्यावर वणवे लागायचे. बाबा माणसं घेऊन विझवायला धावायचे, पण या फुलाची त्यांना कधी काळजी नसायची. "तां वणव्यान मरत नाय, उन्हान मरत नाय," ते म्हणायचे. "तां मरता साचलेल्या पाण्यान."

लग्न होऊन मी खाली आले, मालवणच्या किनाऱ्यावर, पन्नास सालानंतर चारपाच वर्षांनी. सासरी माडांची बाग, घराच्या मागे विहीर, पुढे वाळू आणि समुद्र. नवरा पोस्टात, सारखा बदलीवर, सणासुदीला घरी. सासरे आधीच गेलेले. घरात मी आणि सासूबाई. मी ट्रेनिंग केलेलं होतं म्हणून गावच्या मराठी शाळेत मास्तरीण झाले. सासूबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. बाग सगळी त्यांच्या हातात. सकाळी अंधुक असतानाच लाटेने, म्हणजे विहिरीवरच्या लांब आडव्या दांड्याने, पाणी उपसायला लागायच्या आणि माडामाडाला शिपत जायच्या. माड हे त्यांचं एकमेव शास्त्र. माडाला पाणी, माडाला राख, माडाला सुक्या मासळीचं खत, माडाच्या आळ्यात जाडं मीठ. ज्याला मीठ घातलं नाही तो माड धरत नाही, हे त्या इतक्या ठामपणे सांगायच्या की वाद घालायची माझी छाती नव्हती. माणसांशी बोलणं मात्र कमी. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही. असेलही. मला विचारायला वेळ नव्हता. सकाळी चूल, मग शाळा, शाळेतून आलं की पुन्हा चूल. शरीर सतत आंबलेलं असायचं.

बाबा दरवर्षी चवथीचे गणपती पोचवले की यायचे. कुडाळला गाडी बदलून, हातात कुड्याच्या पानांत गुंडाळलेला आमरीचा एक दांडा घेऊन. तो मी तांब्यात ठेवायची. खारं वारं असूनही आठ दिवस फुलं टिकायची. एकदा संध्याकाळी सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि तांब्याशी थबकल्या. वाकून वास घेतला. "बरो वास आसा," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

मग एका वर्षी बाबा दिवाळीनंतर आले. ही त्यांची यायची वेळ नव्हती. ते नुकतेच निवृत्त झाले होते. गुडघे गेले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. डॉक्टर म्हणत होते, अजून पिकला नाही, थांबा. माणूस जवळ आलं की सावली आली एवढंच त्यांना कळायचं. शेजारचा एक गार्ड त्यांना हाताला धरून आमच्या दारापर्यंत पोचवून गेला होता. त्यांनी पिशवीतून सड्यावरच्या मातीत बांधलेला एकच कांदा काढला, गार्डाला सांगून वरून मागवलेला. तो माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "आता माझ्यान वर चढूक होवचा नाय. तुझ्याकडे ऱ्हवलां तर बसल्या जाग्यार वास घेयन."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी पायरीच्या उजव्या अंगाला, जिथे जमीन उतरती आहे, तिथे चिऱ्याचे तुकडे गोल लावून, खाली खडी घालून तो कांदा पुरला. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "हो कांदो कसलो गो?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी दिल्यानी. फुलाचां झाड आसा," मी म्हणाले आणि हात धुवायला गेले.

इतकंच बोलणं झालं. नंतर हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्या विचारत होत्या. उभ्या होत्या. आणि मला वह्या तपासायच्या होत्या.

तो उन्हाळा मी घरीच होते. जमिनीवर काही दिसत नव्हतं, त्यामुळे सासूबाईंनाही तिथे शिपण्यासारखं काही वाटलं नाही. मृगानंतर पंधरा दिवसांनी मातीतून हिरवं टोक वर आलं. मी शाळेतून धावत घरी यायची. लग्नानंतर इतकी धावत मी कशासाठी आले नव्हते. भाद्रपदात दोन फुलं आली. दोनच, आणि वरच्यापेक्षा लहान, पण आली. बाबा आले. पायरीवर बसून त्यांनी हाताने चाचपत दांडा शोधला, एक फूल बोटांत धरलं, पुढची झालर हलकेच दाबून पाहिली, मग मागे बोट नेऊन शेपटीवरून वरून खाली फिरवलं. संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसले. सासूबाईंनी चहा तिथेच आणून दिला. जाताना बाबा म्हणाले, पुढल्या चवथीक परत येतंय. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद फारसा पाहिला नव्हता.

त्या वेळी मला दिवस गेलेले होते. कार्तिक संपता संपता मी बाळंतपणासाठी माहेरी गेले. निघाले तेव्हा आमरीच्या पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती झोपायला निघाली होती. झोपू दे, मी मनात म्हटलं. मला स्वतःलाच कुणी झोपू दिलं तर हवं होतं.

फाल्गुनात मुलगी झाली. माझी आई थकलेली होती, बाळाला पोटशूळ होता. त्या महिन्यांतलं मला धुणं आणि रडणं एवढंच आठवतं. बाबा मात्र खुशीत असत. ओट्यावर बसून मुलीला मांडीवर घेत आणि विचारत, तां झोपलां आसात मां आता? मी हो म्हणे. कांदो भरलो आसतलो, ते म्हणत. त्यांनी तिथेच दिवस मोजायला सुरुवात केली होती. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. गावातून बाहेर पडायचं तर एका माणसाने धरून न्यायला लागायचं. तरी चवथीला मालवणला जायचं हे नक्की होतं. त्यांच्या वर्षात आता तेवढंच एक जाणं उरलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून मी मुलीला घेऊन सासरी परतले. पाऊस वेळेवर आला. मी रोज सकाळी चिऱ्यांच्या त्या गोलाकडे बघत होते. आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेजारी तेरडा उगवला, टाकळा उगवला, तिथे मात्र काही नाही. एक महिना झाला तेव्हा मी विळ्याने माती उकरली. उकरताना आधी माशांचे काटे लागले. मग खवले. मग खाली एक कुजकी साल, आत घाण वासाचं पाणी. नव्या कांद्याचं एवढंच राहिलं होतं.

मी मातीत बसून राहिले. मागे सासूबाई उभ्या होत्या, मुलगी त्यांच्या खांद्यावर.

"हे काटे कुणी घातले?" मी विचारलं. रागात मी शाळेतलं मराठी बोलते.

"मिया घातलंय," त्या म्हणाल्या. "मीठय घातलंय. माडाक घालतंव तसां. पाणीय घाली होतंय."

मी म्हणाले, "तो माड नव्हता. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्या मुलीला माझ्याकडे देऊन विहिरीकडे गेल्या. लाटेच्या दांड्याचा आवाज ऐकू यायला लागला. भर पावसात, जेव्हा शिपायचं कारणच नव्हतं, तेव्हा त्या पाणी उपसत होत्या. मला तेव्हा त्याचा आणखी राग आला.

त्यानंतर आमच्यात मुलीपुरतं बोलणं उरलं. दूध तापलां, धुपाटणां दी, हेच. अबोला धरायलाही जोर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. मी फक्त बोलत नव्हते. शाळेत जायचं, फळ्यावर लिहायचं, घरी यायचं. त्याच पंधरवड्यात चौथीच्या मुलांना मी जमिनीखाली अन्न साठवणाऱ्या झाडांचा धडा शिकवला. कांदा, आलं, रताळं. आणि सवयीने खडूने आमरीचे दोन कांदेही काढले, एक भरलेला, एक रिकामा. पानं वाळली म्हणजे झाड मेलं असं समजू नका, मी मुलांना सांगितलं, ते खाली विश्रांती घेत असतं, त्याला तेव्हा पाणी घालायचं नसतं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

बाबांना पत्र टाकून कळवावं असं रोज वाटायचं. झाड मेलं, येऊ नका, एवढंच लिहायचं. दोन कार्डं मी लिहून फाडली. ते वाचून दाखवणार माझी आई, आणि ऐकणारे ते. मग वाटलं, येऊ देत. आल्यावर सांगेन. पुढे ढकलण्यात मी पहिल्यापासून हुशार.

श्रावणात एक दिवस शाळेतून आले तर चिऱ्यांच्या गोलात सोनटक्का लावलेला. न्हाणीच्या पाण्यावर आमच्याकडे सोनटक्क्याचं बेट होतं, त्यातले चार दांडे मुळासकट काढून सासूबाईंनी तिथे आणून लावले होते. भोवतीची माती हाताने दाबून गुळगुळीत केलेली. मी बघत उभी राहिले. त्या आतून म्हणाल्या, "पांढरां आसा. वासय आसा. तेंका दिसणां नाय."

जंगलात जन्म घालवलेल्या माणसाला सोनटक्का आणि आमरी यातला फरक कळणार नाही, असं फक्त त्यांनाच वाटू शकत होतं. चूक होती, खोटेपणा होता. ते थांबवणं माझं काम होतं. पण मुलगी रडत होती, चूल पेटायची होती, आणि मला तेवढं बळ नव्हतं. मी आत गेले.

चवथ झाली. बाबा आले, तोच गार्ड त्यांना पोचवून पुढे आपल्या पाहुण्यांकडे गेला. बाबांनी मुलीला मांडीवर घेतलं, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "चल, खंय आसा तां?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. कधी नव्हे ते त्यांनी बाबांचा हात धरला, पायरीवर बसवलं, आणि एक सोनटक्क्याचं फूल खुडून त्यांच्या हातात दिलं. "यंदा खूप फुलां इली," त्या म्हणाल्या. आवाज असा काही चढला होता की शेजारच्या घरात ऐकू जावा.

बाबांनी फूल नाकाशी नेलं. तिथेच त्यांना कळलं असणार. सोनटक्क्याचा वास दुपारीसुद्धा घमघमतो, आमरी दिवसा गप्प असते. तरी त्यांचं बोट सवयीने झालरीकडे गेलं. झालर नव्हती, पाकळी गुळगुळीत होती. मग बोट मागे गेलं. सोनटक्क्यालाही मागे लांब नळी असते, पण ती फुलाला धरून ठेवणारी, देठासारखी सरळ. तिच्या बाजूला मोकळं लोंबणारं काही नसतं. बाबांचं बोट तिथे शोधत राहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मला ते बघवेना. मी म्हणाले, "बाबा..."

"बरां फुललां," ते म्हणाले. मग सासूबाईंच्या दिशेला तोंड वळवून म्हणाले, "तुमी जीव लावलात म्हणान जगलां."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला गेल्या. बाबा संध्याकाळपर्यंत ते फूल हातात घेऊन बसले होते. मुलगी त्याच्या पाकळ्या ओढत होती. त्यांनी ओढू दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीवर घालवायला गेले. गार्ड तिकीट काढायला गेला होता. बाबा म्हणाले, "सोनटको बरो लागलो हां तुझ्याकडे."

मी त्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तेंका सांगू नको, माका कळलां म्हणान," ते म्हणाले. "बिचारी घाबारली होती. आवाज केवढो चढलो होतो तेंचो."

गाडी गेली. मी रडले नाही. फार दमलेल्या माणसाला रडू येत नाही, झोप येते. मला तिथेच बाकड्यावर आडवं व्हावंसं वाटत होतं. बाबा त्यानंतर खाली आले नाहीत. पुढल्या चैत्रात गेले. सड्यावरच्या त्या फुलाचा वास त्यांना पुन्हा मिळाला नाही, ही एक गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. लोक म्हणतात, काळ जातो तसं दुःख हलकं होतं. माझं झालं नाही, फक्त सवयीचं झालं.

त्या दिवशी गाडीवरून मी घरी परतले तेव्हा सासूबाई पुढच्या अंगणात, खळ्यात, माडाच्या झावळ्यांचे केरसुणीसाठी हीर काढत बसल्या होत्या. मुलगी बाजूला गोधडीवर झोपली होती. मी पाय धुतले. त्या वर न बघता म्हणाल्या, "तेंका कळलां मां गो?"

"नाय," मी म्हणाले.

"कळलां," त्या म्हणाल्या. "फुलाच्या फाटल्यान, मागच्या अंगाक, बोट फिरयत होते. दोनदा. फाटल्यान काय आसता त्येच्या?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या हातातला एक हीर घेतला आणि खळ्यातल्या ओल्या मातीत फूल काढलं. झालर काढली, शेपटी काढली, तिच्यातला मध सांगितला. त्या बघत राहिल्या. मग मी दांडा खाली ओढत नेला आणि दोन कांदे काढले. हा जुना, हा नवा. नवा भरला की पानं वाळतात. मग तो झोपतो, पावसापर्यंत. तेव्हा त्याला पाणी नको, खत नको, काही नको. शाळेत सांगते तसंच सांगितलं, त्याच शब्दांत. त्यांना कुठेही अडलं नाही. एकदाही त्यांनी परत विचारलं नाही.

"म्हणजे," त्या नव्या कांद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "पिवळां पडलां तेव्हा तां जितां होतां."

"होय."

त्यांनी हातातली झावळी खाली ठेवली.

"तू बाळंतपणाक गेलंस," त्या म्हणाल्या, "आणि पंधरा दिवसांनी झाड वाळलां. म्हायेरचां झाड. तू तशी गेललंस, पयल्या खेपेची. माका भ्या वाटलां. कोणाक सांगतलंय? रोज सकाळी आदी त्येका एक कळशी ओती होतंय, मगे माडांक. पोर झाल्याचां कार्ड इलां, तेव्हा मीठ घातलंय. म्हटलंय, तू वाचलंस."

मी मातीतल्या चित्राकडे बघत होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. तीनेक महिने ही बाई माझ्या जिवासाठी त्या झाडाला पाणी घालत होती. आणि मी तिला विचारलं होतं, कुणी सांगितलं होतं तुम्हाला.

"ह्यां सगळां शाळेत पोरांक सांगतंस मां?" त्यांनी विचारलं.

"सांगतंय."

"मगे माका कित्या नाय सांगलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं. कांदा पुरताना मागे उभं राहून विचारलं होतं तसंच त्या विचारत होत्या. उत्तर होतं, पण ते तोंडाने म्हणण्यासारखं नव्हतं. तुम्हाला कळणार नाही असं मला वाटलं होतं. तुम्हाला माडापलीकडे काही कळत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

मुलगी जागी होऊन कुरकुरायला लागली. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. चित्रावर पाय पडू नये म्हणून बाजूने वळसा घेऊन गेल्या आणि तिला उचलून घेतलं.